पाणी : शु. स.

१

वहीची अठ्ठावीस पानं कोणीतरी ब्लेडने कापून नेली होती. ज्याची ती वही, तो शार्दूल बेहेरे अडीच महिन्यांपूर्वी, सत्तावीस सप्टेंबरला, कोल्हापूरला जाताना पालीच्या पुढच्या वळणावर मोटरसायकलसकट ट्रकखाली गेला होता. आता त्याची बायको स्वानंदी माझ्या मांडवीच्या घरी बसली होती आणि चहाला हात लावत नव्हती.

"मावशी, तुम्ही मुंबईला सरकारी प्रयोगशाळेत होतात ना? खुनाबिनाचे नमुने तपासायला?"

"होते. आता भाजीवालीची कोथिंबीर तपासते," मी म्हटलं. ती हसली नाही. माझी मलाच लाज वाटली.

मी कुसुम लिमये. एकोणतीस वर्षं लोकांच्या आतड्यांतून विष शोधून काढलं आणि निवृत्तीनंतर समुद्र बघायला इथे येऊन राहिले. समुद्र दोन महिन्यांत बघून झाला. त्यामुळे कोणी काही विचारायला आलं की मला आतून बरं वाटतं, हे कबूल केलेलं बरं. त्या दिवशी मात्र बरं वाटलं नाही, कारण ती पोर रडून रडून कोरडी झाली होती.

शार्दूल कातळावरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा आणि पीएच.डी. करत होता. त्याचं काम होतं टायटॅनियम डायऑक्साइडवर. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच पावडर, फक्त कण इतके बारीक की लाखभर एका ओळीत लावले तर एक मोहरी भरेल. या पावडरीला एक विद्या येते. उजेड पडला की ती पाण्यातली घाण जाळून टाकते. पण तिला लागतो तो न दिसणारा, अतिनील उजेड. आपला रोजचा उजेड तिला चालत नाही. शार्दूल तिला युरियाबरोबर भट्टीत भाजायचा. त्यातला नायट्रोजन कणांत शिरला की पावडर पिवळसर होते आणि साध्या दिव्यातही कामाला लागते. काम होतंय की नाही हे पाहायला पाण्यात निळा रंग घालायचा आणि तो किती उडतो ते मोजायचं. शार्दूलचा निळा रंग दोन तासांत नव्वद टक्के उडत होता. जगात कोणाचा एवढा उडत नव्हता.

"आणि दुसऱ्या कोणाला तसं करता आलं नाही," स्वानंदी म्हणाली. "त्यांचा संशोधनाचा पेपर मागे घेणार आहेत. तसं छापून येणार, 'बनावट नोंदींमुळे'. शनिवारी कॉलेजात समिती बसतेय." तिने ओठ आवळले. "चुकले म्हणा, मूर्ख म्हणा. पण बनावट? कॉलेजचं पत्र आल्यापासून सासरे अर्ध्या जेवणावरून उठतात. मावशी, मला तो एक शब्द काढून हवाय."

मी वही चाळली. पान चाळीसनंतर एकदम एकोणसत्तर. कापलेल्या कडा सरळ, घाई नसलेल्या हाताच्या. आणि सत्तराव्या पानावर शेवटची नोंद, अपघाताच्या आदल्या दिवशीची, मंगळवार २६ सप्टेंबरची. ती मी पुन्हा वाचली.

'पावडर नाही. दिवा नाही. निळा ८८ टक्के गेला.'

२

"बघा, बघा तुम्हीच!" डॉ. भास्कर केतकर त्या ओळीवर बोट आपटत म्हणाले. ते विभागप्रमुख, आणि पेपरवर दुसरं नाव त्यांचं. "पावडर नाही, दिवा नाही, आणि म्हणे अठ्ठ्याऐंशी टक्के! मनात येईल तो आकडा लिहीत होता. दया येते हो मला."

दया येणाऱ्या माणसाचा चेहरा मी पुष्कळ पाहिलाय. तो असा नसतो.

"पानं कोणी कापली?"

"तोच, दुसरं कोण? पुरावा नष्ट केला."

"मग हे सत्तरावं पान का ठेवलं? खोटेपणा लपवायचा तर आधी हेच कापायला हवं होतं."

"घाई असेल."

"घाईत कापलेली कड इतकी सरळ नसते. आणि ज्याला शार्दूलचा खोटेपणा सिद्ध करायचाय, त्याने तर एकही पान कापलं नसतं." हे मी त्यांच्याकडे बघत म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही.

प्रयोगशाळेत एका कोपऱ्यात डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र चालू होतं. सगळं जुनं, फक्त पाणी उकळणारी कॉइल नवी कोरी.

"हे केव्हा दुरुस्त झालं?"

"ऑक्टोबरात."

"आणि बिघडलं केव्हा?"

"आठवत नाही हो." केतकरांनी खिशातला रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

३

पेपरवर संशय घेणारं पत्र कोल्हापूरच्या विद्यापीठाला लिहिलं होतं मनस्विनी साळवी हिने. शार्दूलचीच सहकारी, शेजारच्या टेबलावर काम करणारी. मी तिला गाठलं तेव्हा ती परीक्षानळ्या धूत होती, आणि पाठ फिरवूनच बोलली.

"ऑगस्टमध्ये मी त्याचीच पावडर घेऊन प्रयोग केला. चार वेळा. पंधरा टक्क्यांच्या वर गेलं नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, तुझं काहीतरी चुकतंय. दहा जणांसमोर म्हणाला. मग मी पत्र लिहिलं." नळ तसाच वाहत राहिला. "त्या पत्रामुळेच त्याला कोल्हापूरला बोलावलं. त्या रस्त्याला मीच पाठवलं त्याला, काकू."

मी नळ बंद केला.

"तू पाणी कुठलं वापरलंस?"

"बॅटरीत घालायचं. गॅरेजमधून आणलं. यंत्र मेपासून बंद होतं ना."

म्हणजे मेअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत यंत्र बंद. केतकरांना न आठवलेली गोष्ट ती.

"त्याने कुठलं वापरलं?"

"कॅन भरलेला असायचा त्याच्याकडे. कुठून ते नाही विचारलं." मग तिने कपाटातून एक फाईल काढली. "प्रयोग करण्यापूर्वी मी त्याच्या वहीची झेरॉक्स काढली होती. पाच सप्टेंबरला पुन्हा काढली. त्यानंतर त्याचे प्रयोग थांबले, म्हणून सगळी कापलेली पानं आहेत यात. समितीने विचारलं नाही, मी दिली नाही. त्यात खोटं सापडलं असतं तर मला अजून वाईट वाटलं असतं."

मी ती पानं घरी नेली आणि जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली. सुरुवातीला मे महिन्यात नुसतं पाणी, साधी पांढरी पावडर, पिवळी पावडर, सगळं नीट तपासलेलं. नुसत्या पाण्यात रंग हलला नव्हता. तेव्हा पिवळीचे आकडेही बेताचे होते, वीसच्या आसपास. जुलैत ते एकदम उसळले. मंगळवार, चार जुलै, ९३. गुरुवारी ६१. शनिवारी ३०. मग मंगळवार, अकरा, पुन्हा ९१. शनिवारी २८. प्रत्येक आठवड्याला तोच चढ आणि तोच उतार. शार्दूलने समासात लिहिलं होतं, 'मंगळवारी ताजी पावडर. नंतर तीच धुऊन वापरली, थकत जाते.' पटण्यासारखं होतं. आणि आकडे असे सुंदर आले की नुसत्या पाण्याची तपासणी पुन्हा करायचं त्याच्या मनात आलं नाही. आपल्या आनंदाची तपासणी कोण करतो?

फक्त एक मंगळवार वेगळा होता. पाच सप्टेंबर. पावडर ताजी, आणि आकडा १२.

मी भिंतीवरचं कॅलेंडर मागे उलटलं. सत्तावीस ऑगस्टला गणपती बसले, सहा सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. पहिला आठवडा कॉलेजही बंद होतं, म्हणून एकोणतीस ऑगस्टची नोंदच नव्हती. आमच्याकडे त्या दिवसांत गावागावातली कामं थांबतात आणि जो तो आपल्या घरी असतो. पावडरीला गणपतीची सुट्टी कशी काय लागली?

आणखी एक गोष्ट होती. कापलेल्या प्रत्येक पानावर, वर उजवीकडे, बारीक अक्षरात एकच ओळ होती. 'पा. : शु. स.' एकोणसत्तर आणि सत्तर या न कापलेल्या पानांवर मात्र 'पा.' पुढची जागा रिकामी.

मनस्विनीला फोन केला. "पा. म्हणजे पाणी," ती म्हणाली. "शु. स. म्हणजे शुक्रवार सकाळ असणार. पाणी भरलं तो दिवस."

मला ते पटलं. मी मूर्खच.

४

सदू हा विभागाचा शिपाई. पंचेचाळिशीचा, खाकी शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेला. तो मला पायऱ्यांवर भेटला.

"सदू, पावसाळ्यात शार्दूल सरांचा कॅन तू भरायचास ना? शुक्रवारी सकाळी?"

"शुक्रवारी? नाय ओ बाय." त्याला माझ्या अज्ञानाची कीव आली. "सोमवारी दुपारी. शुद्धीकरण झाल्यावर."

माझा हात कठड्यावर होता. तो मी तिथेच ठेवला.

"कसलं शुद्धीकरण?"

"विहिरीचं! चला, दाखवतो."

कॉलेजच्या मागे कातळ उतरून गेलं की ग्रामपंचायतीची विहीर लागते. कठड्यावर पांढरा चौकोन रंगवलेला, त्यात 'पाणी शुद्धीकरण दिनांक' असं लिहिलेलं आणि खाली खडूची जुनी तारीख. पावसाळ्यात बाबल्या नावाचा पंचायतीचा माणूस दर सोमवारी येऊन विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायचा.

"यंत्र जळलंन मे महिन्यात," सदू सांगत होता. "सरांनी सांगितलनी, सदू, दुसऱ्या डिपार्टमेंटातून आन, पन शुद्ध पानीच आन हो, साधं नको. झूलॉजीवाल्यांनी दिलंनी नाय. आता रिकामा कॅन घेऊन सरांसमोर कसा जायचा? मग मी हितं यायचो. बाबल्यानी तारीख लिवलंन की मगच भरायचो. त्याच्या आदी कदी नाय. कॅन खांद्यावरनं न्यायचो वर, पावसातनं. सर इचारायचे, सदू, पानी शुद्ध ना? मी सांगायचो, एकदम शुद्ध, सर."

"गणपतीत?"

"बाबल्या गावी गेलेला दोन सोमवार. तारीख नव्हती. पन सरांचं काम अडता नये, म्हनून तसंच नेलं." त्याने मान खाली घातली. "तेवढी एक चूक झाली माजी. सरांना सांगितलं नाय. त्या आठवड्यात सरांचा प्रयोग फसलान, बाय. तवापासून मनात सलतंय."

त्या माणसाला वाटत होतं की त्याने एकदाच चूक केली, आणि ती नेमकी त्या आठवड्यात जेव्हा पाणी बरोबर होतं. मी विहिरीत पाहिलं. पाणी खाली होतं, काळं, त्यात काही दिसत नव्हतं.

"आक्टोबरात मी कायम झालो," सदू परत येताना म्हणाला. "चौदा वर्सं रोजंदारीवर व्हतो. अर्ज सरांनीच लिवून दिलनी, ऑगस्टात. ते असते तर पेढा दिला असता."

५

त्या संध्याकाळी मी स्वानंदीकडे गेले. "अपघातानंतर पोलिसांनी बॅग दिली असेल ना?"

दिली होती. माळ्यावर होती, तिने उघडलीच नव्हती. आत रेनकोट, डबा आणि फडक्यात गुंडाळलेल्या दोन छोट्या बाटल्या. एकीवर शार्दूलच्या अक्षरात 'गॅरेज', दुसरीवर 'कॅन'.

सिल्व्हर नायट्रेट मी मनस्विनीकडून मागून आणलं होतं. दोन वाट्यांत दोन पाणी घेतलं आणि एकेक थेंब टाकला. गॅरेजचं पाणी जसंच्या तसं राहिलं. कॅनचं दुधाळ झालं. यंत्रातून आलेल्या पाण्यात असं होत नाही.

"म्हणजे त्यांना कळलं होतं," स्वानंदी हळूच म्हणाली.

"आदल्या दिवशी, मंगळवारी कळलं. पावडर न घालता, दिवा न लावता त्याने नुसत्या पाण्यात निळा रंग घातला आणि तो उडाला. उडवणारं पाण्यातलं क्लोरीन होतं. सोमवारी औषध पडलं की मंगळवारी रंग पार जायचा, शनिवारपर्यंत क्लोरीन विरायचं. त्याला वाटायचं पावडर थकली. तो कोल्हापूरला जात होता तो स्वतःची चूक सांगायला, या बाटल्या दाखवून."

"मग पानं कोणी कापली?"

"शु. स. म्हणजे शुक्रवार सकाळ नव्हे. शुद्ध, सदू. कुठलं पाणी आणि कोणी आणलं, एवढीच नोंद. जून संपल्यापासून प्रत्येक पानावर सदूचं नाव होतं. ज्या दोन पानांवर ते नव्हतं, ती तशीच राहिली, स्वतःच्या अंगावर येणारं सत्तरावं पान धरून. खोटं लपवणारा असं कापत नाही, वैरीही कापत नाही. सदूची कायम व्हायची कागदपत्रं तेव्हा वर गेलेली होती. चौकशीत त्याचं नाव आलं असतं तर पहिली गच्छंती त्याची. स्वानंदी, त्या मंगळवारी संध्याकाळी शार्दूलने काही जाळलं का गो?"

"न्हाणीतला बंब त्यांनी पेटवला होता," ती म्हणाली. "लग्नानंतर पहिल्यांदाच. मी चेष्टा केली, आज सूर्य कुठे उगवला? तर म्हणाले, आज मला कढत पाणी हवंय." आणि मग ती रडली, इतकी की आतल्या खोलीतून तिचे सासरे बाहेर आले आणि दारात उभे राहिले.

ते आत गेल्यावर मी तिला खरं काय ते सांगितलं. "तो शब्द काढता येईल. पण पाणी सदूने आणलं हे पुढे येणार. केतकर त्याच्यावरच ढकलतील. आणि नोकरी राहिली तरी सदूला कळणार, त्याच्या कॅनमुळे काय झालं ते."

"पाणी ह्यांनीच आणलं असं लिहा," स्वानंदी म्हणाली.

"म्हणजे खोटं लिहू?"

"त्यांनी पानं त्यासाठीच जाळली ना? मग मी नाव कशाला काढू?"

मी एकोणतीस वर्षांत अहवालात एक खोटा स्वल्पविराम दिलेला नव्हता. मंत्र्याचे फोन आले तरी नाही. त्या रात्री जेवले नाही, टेबलाशी बसून राहिले आणि शेवटी समितीसाठीच्या अहवालात एक ओळ लिहिली. 'यंत्र बंद असल्याने संशोधकाने स्वतः विहिरीचे पाणी आणले व ते शुद्ध समजून वापरले.' बनावट नोंदीचा डाग पुसायला एक बनावट नोंद.

६

शनिवारी समितीपुढे मी फार बोलले नाही. एका चंचुपात्रात निळं पाणी घेतलं, चिमूटभर टीसीएल टाकली. रंग फिका होत होत गेला आणि पात्रात साधं पाणी उरलं. पावडर नव्हती, दिवा नव्हता. कोल्हापूरहून आलेले म्हातारे प्राध्यापक पुढे वाकून बघत राहिले.

मनस्विनीने तिचा कागद वाचला. नव्या यंत्राच्या पाण्यात, साध्या दिव्याखाली, शार्दूलची पिवळी पावडर एकोणीस टक्के. पांढरी तीन. "पावडर चालते," ती म्हणाली. "थोडी, पण खरंच चालते. एवढंच लिहिलं असतं त्याने, तरी पदवी मिळाली असती."

"पण पाणी कोणी आणलं?" केतकर सरसावले. "बेहेरे विहिरीवर जाणार? पाणी शिपाई आणतो. आणि या झेरॉक्सवर शु. स. काय आहे?"

मनस्विनीने केतकरांकडे सरळ पाहिलं. "शुक्रवार सकाळ, सर. दुसरं काय असणार?"

मग मी शार्दूलच्या घरच्या फाईलमधला कागद पुढे सरकवला. यंत्र दुरुस्तीचा अर्ज, एक जूनचा, खाली केतकरांच्या कार्यालयाचा पोच शिक्का. "हा अर्ज चार महिने कुठे होता, तेही लिहायचं का अहवालात?" मी विचारलं. केतकरांनी पुन्हा चष्मा काढला, आणि पुढे काही विचारलं नाही.

'बनावट नोंदींमुळे' खोडून 'पाण्याबाबत अनवधानाने झालेल्या चुकीमुळे' असं लिहिलं गेलं. स्वानंदीने तो कागद दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि सासरे वाट बघत असतील म्हणून लगेच निघाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघींचाही बांध फुटला असता.

मी फाटकापाशी रिक्षाची वाट बघत होते, तेव्हा सदू मागून आला. समितीला चहा त्यानेच दिला होता. दाराशी उभं राहून त्याने सगळं ऐकलं असणार, आणि मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

"बाय, पानी वाईट व्हतं म्हनतात ते मला काय समजत नाय," तो म्हणाला. "शुद्ध केलेलं पानी वाईट कसं असंल? तुमी शिकलेली मान्सं. पन एक चुकीचं लिवलंत तुमी."

"काय रे?"

"सरांनी पानी आनलं असं लिवलंत. सर कदी विहिरीवर आलेच नायत. त्यांना वाट पन ठाव नव्हती. मी आनायचो. तीन महिने, पावसातनं, खांद्यावरनं." त्याचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. "आत जाऊन सांगू काय मी?"

"नको सदू. राहू दे ते."

"का राहू दे? सरांचं मी एवढं एकच काम केलं, बाय. तेवढ्यातनं पन माजं नाव गाळलंत."

रिक्षा आली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, तर तो एक पाऊल मागे सरकला, मला रीतसर नमस्कार केला आणि कॉलेजकडे परत गेला.